डबल बेल

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या नर्सिंग कायद्यात एक लांबलचक उपाधी आहे: ‘लायसन्स पेंडिंग सर्टिफाइड नर्स प्रॅक्टिशनर’. नर्स प्रॅक्टिशनरचं पदव्युत्तर शिक्षण पुरं झालं आहे, पण परवाना अजून हाती आलेला नाही, अशा नर्सने ती लावायची असते. सक्तीने. नर्सचा साधा परवाना चालू असेल, नव्या परवान्याचा अर्ज फी भरून केलेला असेल आणि राष्ट्रीय परीक्षेसाठी नाव नोंदवल्याचा पुरावा जोडला असेल, तर राज्य तिला जास्तीत जास्त सहा महिने काम करू देतं. तिने रुग्ण तपासावा, निदान करावं, सल्ला द्यावा. औषधाची चिठ्ठी मात्र लिहायची नाही. एरवी डॉक्टर लेखी करार करून हा अधिकार नर्स प्रॅक्टिशनरला देऊ शकतो. या सहा महिन्यांत तोही देऊ शकत नाही.

म्हणजे सगळं यायला हवं, आणि शेवटची ओळ दुसऱ्याने लिहायची.

सुनंदाच्या गळ्यात ही उपाधी छापलेलं बिल्ल्याचं कार्ड आलं तेव्हा तिला नर्सिंग करून पंधराहून जास्त वर्षं झाली होती. ती मिरजेची. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतची माणसं उपचाराला तिथे उतरत आली. त्या गावात मुलीने नर्स व्हायचं ठरवलं तर कोणी कारण विचारत नाही. सुनंदा बी.एस्सी. नर्सिंग करून, एनक्लेक्स ही अमेरिकेतली नर्सच्या परवान्याची परीक्षा देऊन शिकागोला आली आणि एका मोठ्या इस्पितळाच्या हृदयविकार विभागात रात्रपाळीला लागली.

रात्रपाळीच्या नर्सला एक कला आपोआप येते. पहाटे तीनला रुग्णाचं पोटॅशियम उतरलेलं दिसतं. काय द्यायचं, किती द्यायचं, हे तिला ठाऊक असतं, पण लिहायचा हक्क ज्याला असतो तो डॉक्टर पंचवीस-सव्वीस वर्षांचा आणि गाढ झोपलेला. मग फोन करायचा, आकडा सांगायचा आणि अदबीने विचारायचं, “अमुक इतकं देऊ का?” पलीकडून “हो, द्या,” असं येतं आणि फोन बंद होतो. उपचार नर्सने ठरवलेला, कागदावर नाव डॉक्टरचं. जगातल्या सगळ्या इस्पितळांत हे चालतं आणि सगळ्यांना ते माहीत असतं. सुनंदाने हा खेळ इतकी वर्षं खेळला, की एका पहाटे फोन ठेवता ठेवता तिने ठरवलं, आता आपणच लिहायचं.

तिच्या आधी हे ठरवलेली एक बाई होती. १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्याचं काम करणाऱ्या नर्सने, हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाच्या साथीने, नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांत डॉक्टर नव्हते, मुलं होती आणि नर्स होत्या. विरोध डॉक्टरांनी केला हे ओघानेच आलं, पण नर्सिंगच्या प्राध्यापिकांनीही केला. आपल्यातलीच एक डॉक्टरांच्या गोटात निघाली, असं त्यांना वाटलं. फोर्डबाई २०२५च्या जानेवारीत वारल्या, १०४ वर्षांच्या होऊन. तोवर अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर लाखांनी मोजायची वेळ आली होती.

सुनंदाने नोकरी सांभाळून, मुलाच्या शाळेच्या वेळा सांभाळून पदव्युत्तर शिक्षण पुरं केलं. मे महिन्यात पदवी मिळाली. शिकागोच्या वायव्येकडच्या एका छोट्या दवाखान्याने तिला परवाना येण्याआधीच घेतलं. दवाखाना एका म्हाताऱ्या पोलिश डॉक्टरचा. रुग्ण निम्मे पोलिश, बाकी मेक्सिकन, फिलिपिनो आणि थोडे गुजराती. भिंतीवर पोपचा फोटो, त्याखाली मधुमेहाचा तक्ता.

पहिले काही दिवस तिने ते कार्ड उलटं करून लावलं. दोरीला पीळ पडतो आणि कार्ड फिरतं, त्यात कोणाला काही वाटत नाही. ते सुलट केलं एका पोलिश आजीने. रक्तदाब घेता घेता आजीने हात घालून कार्ड फिरवलं, चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, “हे पेंडिंग म्हणजे काय?”

सुनंदाने सांगितलं, “मी तुम्हाला तपासणार, काय झालंय ते सांगणार. औषध डॉक्टर लिहून देणार.”

“म्हणजे मला दोघं बघणार?”

“हो.”

“पैसे?”

“एकाचेच.”

“मग बरं आहे,” आजी म्हणाली आणि बाही खाली केली.

आजीला परवडत होतं, दवाखान्याला परवडत नव्हतं. तिथली व्यवस्थापक बाई काही दुष्ट नव्हती. तिच्यापुढे रोजचा हिशेब होता. अमेरिकेतलं वृद्धांचं सरकारी विमा खातं, मेडिकेअर, नर्स प्रॅक्टिशनरने केलेल्या कामाचे डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्केच देतं, आणि तेही परवाना, प्रमाणपत्र, नोंदणी सगळं झाल्यावर. पेंडिंगवाल्या नर्सचं काम स्वतःच्या नावावर लावायची सोयच नाही. त्यात सुनंदाचा प्रत्येक रुग्ण दुप्पट वेळ घेई. ती तपासून झाली की उठायची, बोळ ओलांडून डॉक्टरच्या दाराशी जायची, त्याचा रुग्ण संपेपर्यंत उभी राहायची, आपल्या रुग्णाची हकीकत सांगायची आणि म्हणायची, “एकदा बघून घ्या.” डॉक्टर उठे, गुडघ्यावर हात ठेवून उठे. बाहेर खुर्च्या भरत जात.

एका दुपारी व्यवस्थापक बाई जवळ येऊन हळूच म्हणाली, “डॉक्टरांचा पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला आहे. साध्यासाध्या गोळ्यांसाठी त्यांना कशाला उठवतेस? ते नाही म्हणणार नाहीत.”

डॉक्टर खरंच नाही म्हणाला नाही. उलट त्याच आठवड्यात त्याने स्वतःच सांगितलं. बीपीची गोळी पुढे चालू ठेवायची होती, रुग्ण जुना होता, सगळं व्यवस्थित होतं. “तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं या गोळ्यांतलं,” तो चिडून म्हणाला, “माझ्या नावाने पाठवून दे ना.”

यात खोटं काही नव्हतं. तिला कळत होतं. आणि मला विचाराल तर इथेच खरी अडचण आहे. ज्याला कळत नाही त्याला नियम पाळायला सांगणं सोपं. तो भीतीनेच पाळतो. ज्याला कळतं, आणि कळतं हे समोरचाही कबूल करतो, त्याने नियमासाठी बोळात उभं राहायचं म्हणजे फुकटचा अपमान वाटतो. आपल्याकडे ‘जाणत्याला कायदा कशाला’ हे वाक्य कोणी उघड म्हणत नाही, पण निम्मा कारभार त्याच्यावर चालतो.

“तुम्ही बघून घ्या,” सुनंदा म्हणाली.

डॉक्टर उठला. दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. व्यवस्थापक बाईने तिच्या रुग्णांमधलं अंतर वाढवलं आणि तिचे तास कमी केले. तासांबरोबर पगारही.

ऑगस्टच्या अखेरीला सुनंदा राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाली. घरी श्रीखंड झालं. पण परीक्षा म्हणजे परवाना नव्हे. परीक्षा घेणाऱ्या मंडळाने निकाल राज्याकडे पाठवायचा, राज्याने फाइल बघायची, मग नंबर यायचा. त्यानंतर डॉक्टरशी लेखी करार. काही औषधांसाठी केंद्र सरकारच्या अमली पदार्थ खात्याची वेगळी नोंदणी. आणि कोणत्याही डॉक्टरशी करार न करता स्वतंत्रपणे काम करायचं असेल, तर प्रमाणपत्रानंतरचं ४,००० तासांचं काम आणि २५० तासांचं शिक्षण. हा डोंगर पुढे होता. कार्डावर तूर्त तेच शब्द होते.

आणि गणपती आले.

परदेशातल्या गणपतीत आरती झाली की जेवणाची रांग लागते, आणि त्या रांगेत जो कोणी डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, गेला बाजार फिजिओथेरपिस्ट असेल, त्याचा दवाखाना उघडतो. हातात कागदी ताटली धरून माणसं आपले रिपोर्ट तोंडपाठ म्हणून दाखवतात. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. परदेशात म्हातारे आईवडील येतात तेव्हा त्यांच्यासोबत येणारा प्रवासी विमा आधीपासूनच्या आजाराला बहुतेक वेळा हात लावत नाही. डॉक्टरला नुसतं भेटायचे पैसे रोख मोजावे लागतात. मिरजेत कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये रिकामं पाकीट दाखवलं की गोळी मिळते. कायद्याने तिथेही चिठ्ठी लागते, पण मागतो कोण? अशा माणसांनी रांगेत ओळखीची नर्स दिसल्यावर विचारायचं नाही तर काय करायचं?

शिकागोजवळच्या शॉमबर्गला राहणारा एक मुलगा सुनंदाच्या ओळखीचा होता. मिरजेचाच. त्याचे वडील एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर मिरज आगारातून गाड्या काढलेल्या. मे महिन्यात आईवडील दोघे आले होते, सहा महिन्यांसाठी.

“सुनंदाताई, तू आता डॉक्टरच झालीस म्हणे,” तो म्हणाला. “बाबांची बीपीची गोळी संपत आलीय. एवढं लिहून दे ना.” त्याने फोनवर पाकिटाचा फोटो काढून ठेवला होता. फोटो स्वच्छ होता: टेल्मिसार्टन, ४० मिलिग्रॅम, रोज एक. “आणि घरच्या मशीनवर हल्ली दीडशेच्या वर दाखवतंय. वाढवून दिलीस तरी चालेल.”

“मला लिहिता येत नाही अजून. परवाना यायचाय.”

“परीक्षा झाली ना?”

“झाली.”

“मग आता फक्त कागदच यायचाय की! आणि ज्या डॉक्टरकडे आहेस त्याच्या नावाने पाठव. तेवढं चालत असेल.”

“चालत नाही. काकांना घेऊन दवाखान्यात या. सोमवारी. फीचं मी डॉक्टरांशी बोलते, थोडे थोडे देता येतील.”

मुलाचा चेहरा पडला. तो वाईट नव्हता. घराचे हप्ते, दोन मुलांचं पाळणाघर, त्यात आईवडिलांचा विमा. “पंधरा वर्षं नर्स आहेस,” तो म्हणाला, “बीपीची एक गोळी लिहायला काय लागतं गं?” मागे रांगेत दोघीजणी ऐकत होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, “शिकल्या की असंच होतं.” सुनंदाने ताटलीत मोदक घेतला आणि मुलाला पत्ता पाठवून दिला. त्या रात्री नवऱ्यापाशी ती बरंच बोलली, तो भाग मी सोडून देतो. कोणीही बोललं असतं तेच.

“आणि येताना,” पत्त्याखाली तिने लिहिलं होतं, “काका जेवढ्या गोळ्या घेतात तेवढ्या सगळ्या आणायच्या. फोटो नको. गोळ्याच.”

सोमवारी ते आले. काका पांढऱ्या सदऱ्यात, वर मुलाचं जर्किन. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिला दोन गाठी. तपासणीच्या उंच बाकावर बसून त्यांनी आधी खोलीतला चाकांचा स्टूल न्याहाळला. चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूकडे ते असं बघत.

“काय होतंय काका?”

“मला काय बी झालं न्हाई गं पोरी. ह्यो उगं घेऊन आलाय.”

“सकाळी चक्कर येते ना तुम्हाला?” मुलगा म्हणाला. मग सुनंदाकडे वळून, “हवा मानवत नाहीये त्यांना.”

सुनंदाने बसवून रक्तदाब घेतला: १४८ वर ८६. तिने लिहून घेतला. हृदय ऐकलं, छाती ऐकली. पायांवर किंचित सूज होती. पिशवी अजून बाकावरच होती, तिला गाठी तशाच. सुनंदा उठली.

“थांब, कुठे चाललीस?” मुलगा म्हणाला.

“डॉक्टरांना सांगून येते.”

“अगं, आम्ही इतक्या लांबून आलो, तू बघितलंस, बीपी जास्त आहे हे कळलं. आता त्यांची सही घ्यायला पण रांग?” तो खरोखरच कावला होता, सुट्टी टाकून आला होता. ती बोळात गेल्यावर तो वडिलांना म्हणाला, “सगळं येतं तिला, पण स्वतःच्या हिमतीवर काही करायचं नाही.”

दार अर्धं उघडं होतं, म्हणून सुनंदाला पुढचं ऐकू आलं.

“गप रं,” काका म्हणाले. “मी तीस वर्सं गाडी चालीवली. चावी माझ्याकडं, श्टेरिंग माझ्याकडं, रस्ता मला पाठ. कंडक्टर पोरगा तर कालचा भरती झाल्याला. पर डबल बेल पडल्याबिगर मी कंदी गाडी हालीवली न्हाई. मागच्या दाराला कोण लोंबकळतंय, ते डायवरला दिसत न्हाई बाबा.”

“इथे कोण लोंबकळतंय?” मुलगा म्हणाला.

डॉक्टर आला. काकांशी हस्तांदोलन केलं, दोघांनी एकमेकांचे हात जरा जास्तच वेळ धरून ठेवले, एकमेकांचं वय जोखत असावेत. सुनंदाने हकीकत सांगितली: वय, रक्तदाब, ४० मिलिग्रॅम टेल्मिसार्टन, सकाळची चक्कर, पायांवरची सूज. डॉक्टरने मान डोलावली. “आणि पिशवीत काय आहे?” त्याने विचारलं.

काकांनीच गाठी सोडल्या. पहिलं पाकीट फोटोतलं. दुसऱ्या पाकिटावर नाव वेगळं, रंग वेगळा, कंपनी वेगळी. सुनंदाने ते उलटं करून खालची बारीक अक्षरं वाचली. टेल्मिसार्टन, ४०, आणि सोबत लघवी वाढवणारं औषध, साडेबारा मिलिग्रॅम.

“काका, ही कोणती?”

“ती बीपीचीच. सांगलीच्या दुसऱ्या डॉक्टरनं दिल्याली, निघायच्या आधी. तेनं सांगितलं, ही जरा चांगली हाय.”

“आणि मग पहिली बंद करायला सांगितली?”

काकांनी मुलाकडे बघितलं. मुलाने पहिल्यांदाच ते दुसरं पाकीट हातात घेतलं. “मला वाटलं, ही सकाळची आणि ती रात्रीची,” तो म्हणाला. भारतात एकच औषध डझनावारी नावांनी विकलं जातं. घरातला कोणी तरी नावं बघून गोळ्या लावतो, बारीक अक्षरं कोणी वाचत नाही, आणि नाव वेगळं म्हणजे औषध वेगळं असं धरून दोन्ही सुरू राहतात. चार महिने काका एकच गोळी दोन नावांनी घेत होते.

पिशवीच्या तळाशी आणखी एक पाकीट होतं, अर्धं संपलेलं. डॉक्टरने ते उजेडात धरलं. “हे मी आयुष्यात वाचलेलं नाही,” तो म्हणाला.

“निमेसुलाइड,” सुनंदा म्हणाली. “दुखण्यावरची गोळी. आयब्युप्रोफेनच्याच घराण्यातली. इथे तिला कधी मंजुरीच मिळाली नाही, म्हणून तुम्ही वाचली नसेल. काका, ही कशासाठी?”

“गुडघ्याला. ह्यांच्या घरात चौदा पायऱ्या हायत. संडास वर, टीव्ही खाली.”

“रोज घेता?”

“दोनदा.”

डॉक्टर आता स्टुलावर बसला नाही. “उभं कर त्यांना,” तो सुनंदाला म्हणाला. “उभं असताना घे.”

ते तिने केलं नव्हतं. काका उभे राहिले, तिने पट्टा बांधला. एका मिनिटाने ११४. काकांनी बाकाचा कठडा धरला आणि म्हणाले, “हीच ती. ही सकाळची चक्कर.” बसल्यावर पुन्हा चढला. म्हणजे घरच्या मशीनवर दिसणारा दीडशे खरा होता, आणि सकाळची चक्करही खरी होती. गुडघ्याची गोळी एका बाजूने रक्तदाब वर ढकलत होती, लघवीची गोळी उभं राहताच तो खाली पाडत होती. मधे मूत्रपिंड भरडलं जात होतं. दुखण्याची गोळी मूत्रपिंडात रक्त आणणारी नळी आवळते, टेल्मिसार्टन रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतं, आणि लघवीची गोळी मुळात अंगातलं पाणीच कमी करते. एकेक गोळी एकटी आली तर शरीर सांभाळून घेतं. तिन्ही एका पिशवीतून आल्या, त्यातली एक दुप्पट.

रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. मुलाच्या फोनवर मिरजेचा जुना रिपोर्ट होता, त्यात मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.० होतं, इथे १.९. पोटॅशियमही वर गेलेलं. निमेसुलाइड त्याच दिवशी बंद झाली, बीपीच्या दोन्ही गोळ्याही काही दिवस थांबवल्या. पाणी किती प्यायचं ते ठरवून दिलं, चार दिवसांनी पुन्हा रक्त, आठवड्याने पुन्हा. काकांचं अंथरूण खालच्या मजल्यावर आलं. पुढची सगळी वळणं सांगत नाही. महिन्याभरात आकडा १.२ वर आला आणि एकच बीपीची गोळी, एकाच नावाची, पुन्हा सुरू झाली. गुडघ्याला मलम आणि पॅरासिटामॉल. काकांच्या मते मलम कुचकामी होतं.

पहिला अहवाल आला त्या संध्याकाळी दवाखाना बंद करताना डॉक्टर सुनंदाच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. एरवी ती त्याच्या दाराशी उभी राहायची.

“त्या दिवशी, तुमच्या उत्सवात,” त्याने विचारलं, “तुझ्या हातात अधिकार असता, तर तू काय लिहिलं असतंस?”

सुनंदाने थोडा विचार केला. फोटो स्वच्छ होता. आकडा स्पष्ट होता. माणूस ओळखीचा, गावचा.

“ऐंशी,” ती म्हणाली. “४० चे ८०.”

“मीही,” डॉक्टर म्हणाला. “तू दारात येऊन फक्त आकडा सांगितला असतास, तर मी बसल्या जागेवरून ऐंशीच पाठवलं असतं.”

त्यावर दोघं काही बोलले नाहीत. त्याने कोट घातला, ती संगणक बंद करायला गेली. दुसऱ्या दिवशी कीबोर्डखालची ती चिठ्ठी तिथे नव्हती. व्यवस्थापक बाईने नवा पासवर्ड मागितला तेव्हा डॉक्टर म्हणाला, तो माझ्या डोक्यात आहे, आणि माझं डोकं म्हातारं असलं तरी अजून माझंच आहे. मग त्याने रुग्णांची वेळ पंधरा मिनिटांवरून वीस मिनिटांवर नेली. बाईने वहीत हिशेब करून दाखवला, महिन्याला किती तोटा होईल तो. तोटा झालाही. तो कुठून भरून निघाला असं मला विचारू नका, निघाला नाही. दवाखान्याने त्या वर्षी बाहेरची पाटी बदलायची ठेवली होती, ती राहिली.

एक गोष्ट मात्र नवी सुरू झाली. भेटीची वेळ ठरवणारी मुलगी फोनवर प्रत्येकाला सांगू लागली: घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या, जडीबुटीसकट. पोलिश बायका बॅगा भरून आणू लागल्या. एकीच्या बॅगेत १९९८ सालची बाटली निघाली. मेक्सिकन रुग्णांच्या पिशवीत सीमेपलीकडच्या दुकानातली इंजेक्शनं, फिलिपिनो आजोबांकडे मुलाने दुबईहून पाठवलेल्या गोळ्या. पिशव्या उपडी करायला दवाखान्याने एक मोठा ट्रे आणला. सुनंदा एकेक पाकीट उलटं करून खालची अक्षरं वाचायची, मग बोळ ओलांडून डॉक्टरला सांगायची. आता तो तिची वाट बघायचा. त्यालाही बॅगेतून काय निघालं याची उत्सुकता असायची.

परवाना ऑक्टोबरच्या अखेरीला आला. सकाळी ईमेल आली, दुपारी करारावर सह्या झाल्या. सुनंदाने पहिली चिठ्ठी लिहिली ती त्याच पोलिश आजीच्या थायरॉइडच्या गोळीची, आणि तीसुद्धा आजीला दोनदा विचारून, की उपाशीपोटी घेता ना, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही ना. आजीला तिच्या पदोन्नतीचं फारसं कौतुक वाटलं नाही. “म्हणजे आता मला एकटीच बघणार?” तिने विचारलं.

“हवं असेल तर त्यांनाही बोलावते.”

“बोलाव,” आजी म्हणाली. “तेवढ्याच पैशांत आहे तर बोलाव.”

काका नोव्हेंबरमध्ये मिरजेला परत गेले आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा आले. ओहेअर विमानतळावरूनच मुलाचा फोन आला.

“सुनंदाताई, आता तर तुझा परवाना आला ना? स्वतः लिहू शकतेस ना सगळं?”

“लिहू शकते.”

“मग शनिवारी येऊ का बाबांना घेऊन? आईलाही दाखवायचंय.”

“या. पण येताना...”

“पिशवी गाडीतच आहे,” तो म्हणाला. “आईची वेगळी आहे.”